घराण्यातला मधुमेह: वारशात नेमके काय येते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिॲब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असावा आणि गोव्यात हे प्रमाण प्रौढांमध्ये २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आहे, असे त्यातून दिसले. असे आकडे छापून आले की घरोघरी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक म्हणजे “आमच्या घराण्यातच आहे, त्यामुळे मला होणारच”, आणि दुसरे “मी अंगाने बारीक आहे, गोड फारसे खात नाही, मला कसा होईल?” या दोन्ही वाक्यांत थोडे तथ्य आहे आणि दोन्ही माणसाला चुकीच्या निर्णयाकडे नेऊ शकतात. पहिल्याने हातपाय गाळून बसणे सोपे होते, तर दुसऱ्याने वेळेवर तपासणी करण्याचे राहून जाते.

आईवडिलांकडून मुलांकडे येते ते नेमके काय, हा प्रश्न दोन्ही वाक्यांच्या मुळाशी आहे. गेल्या वीस वर्षांतल्या संशोधनाने त्याचे बरेच स्पष्ट उत्तर दिले आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या वारशातला मोठा भाग गरजेच्या क्षणी, गरजेइतके इन्सुलिन सोडण्याच्या क्षमतेशी निगडित आहे. शरीर जाड होण्याकडे झुकवणारी जनुकेही असतात आणि तीही या आजाराला हातभार लावतात. पण मधुमेहाशी संबंध जोडल्या गेलेल्या जनुकांची यादी समोर ठेवली, तर तिच्यात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे काम बिघडवणाऱ्यांचा भरणा जास्त दिसतो. (लहानपणी होणारा आणि सुरुवातीपासून इन्सुलिन घ्यावे लागणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह हा वेगळा आजार आहे. पुढे जिथे नुसते ‘मधुमेह’ म्हटले आहे, तिथे दुसरा प्रकार समजावा.)

पंगत आणि वाढपी

लग्नाच्या पंगतीचे चित्र डोळ्यांसमोर आणू. स्वयंपाकघरात अन्न तयार आहे, पाने मांडली आहेत, माणसे बसली आहेत. पण वाढप्यांशिवाय अन्न पानात पडत नाही. शरीरात हे अन्न म्हणजे रक्तातली साखर, अर्थात ग्लुकोज. पानांवर बसलेली माणसे म्हणजे स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी, आणि वाढपी म्हणजे इन्सुलिन. इन्सुलिन आले की या पेशी साखर आत घेतात, आणि यकृत स्वतःकडची साखर रक्तात सोडणे आवरते घेते.

पंगत दोन कारणांनी फसू शकते. पानावरची माणसे “नको, नको” म्हणत हात आडवा धरू लागली, तर त्याच माणसाला वाढायला वाढप्याला चार फेऱ्या माराव्या लागतात. पेशींनी इन्सुलिनला अशी दाद न देणे याला वैद्यकात इन्सुलिन-रोध म्हणतात. पोटाभोवतीची चरबी, यकृतात साठलेली चरबी आणि बैठी दिनचर्या यांमुळे तो वाढतो. दुसरे कारण सरळ आहे. वाढपीच कमी असतात किंवा वेळेवर हजर होत नाहीत. याला इन्सुलिनच्या स्रावातली कमतरता म्हणावे.

या दोन बाजू सुट्या सुट्या पाहून भागत नाही, आणि बहुतेक गैरसमज इथेच होतात. माणसे खळखळ न करता जेवत असतील तर चार वाढपीही पुरतात, पण प्रत्येक जण आढेवेढे घेऊ लागला तर बाराही अपुरे पडतात. म्हणून रक्तात इन्सुलिन किती आहे, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. जितका रोध आहे त्याच्या तुलनेत ते किती आहे, हे पाहावे लागते. रोध वाढला तरी ज्यांचे स्वादुपिंड, म्हणजे इन्सुलिन तयार करणारा अवयव, त्याच हिशेबाने स्राव वाढवत राहते, त्यांची साखर वर्षानुवर्षे नियंत्रणात राहते. लठ्ठ असलेल्या कित्येक माणसांना मधुमेह होत नाही, त्याचे कारण हेच. स्राव हा हिशेब पुरा करू शकत नाही, तिथून मधुमेह सुरू होतो.

स्वादुपिंडातली बेटे

पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला १८६९ साली स्वादुपिंडात पेशींचे वेगळे दिसणारे छोटे पुंजके आढळले. आज त्यांना त्याच्याच नावाने लँगरहान्सची बेटे म्हणतात. स्वादुपिंडाच्या वजनात या बेटांचा वाटा एक-दोन टक्क्यांचाच असतो, तरी शरीराचे सगळे इन्सुलिन तिथल्या बीटा पेशींकडून येते.

बीटा पेशीला रक्तातली साखर वाढल्याचे कसे कळते, हे थोडे सावकाश पाहावे लागेल, कारण जनुकांतले फरक याच साखळीच्या निरनिराळ्या कड्यांवर बसलेले आहेत. साखर पेशीत शिरते आणि ग्लुकोकायनेज नावाचे विकर तिच्यावर पहिली प्रक्रिया करते; रक्तात साखर किती आहे याचे मोजमाप जणू हेच विकर करते. साखर जळून ऊर्जा तयार झाली की पेशीच्या आवरणातले पोटॅशिअमचे दार बंद होते. ते बंद झाल्याने पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शिअम आत येते, आणि आधीपासून तयार करून पुड्यांत बांधून ठेवलेले इन्सुलिन बाहेर पडते. या पुड्या बांधायला जस्त लागते, आणि जस्त आत नेणारे प्रथिनही वेगळे असते.

निरोगी माणसात हा स्राव दोन टप्प्यांत होतो. साखर चढू लागताच पहिल्या काही मिनिटांत तयार साठ्यातले इन्सुलिन झपाट्याने बाहेर येते. त्यानंतर नवे इन्सुलिन तयार होत होत सावकाश येत राहते. पंगतीत पहिला टप्पा म्हणजे भांडी हातात घेऊन उभेच असलेले वाढपी. हा टप्पा मंदावला की जेवणानंतरची साखर प्रमाणाबाहेर चढते, उपाशीपोटीची साखर अजून ठीक दिसत असली तरी.

याशिवाय एक आगाऊ वर्दी असते. अन्न आतड्यात पोचताच आतडे जीएलपी-१ यासारखी संप्रेरके रक्तात सोडते, आणि ती बीटा पेशींना जास्त जोमाने स्राव करायला लावतात. “पंगत बसली, निघा” असा हा निरोप समजावा. सध्या वजन कमी करण्यासाठी गाजत असलेली इंजेक्शने याच निरोपाची नक्कल करतात.

एका अक्षराचा फरक

आपल्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी रासायनिक अक्षरे आहेत. कोणत्याही दोन माणसांत त्यांतली बहुतेक सारखीच असतात, पण लाखो ठिकाणी एखाद्या अक्षराचा फरक असतो. हेच जनुकीय वैविध्य. बहुतेक फरकांनी काहीच बिघडत नाही, तर काहींनी एखादे काम किंचित मंद किंवा किंचित वेगवान होते.

मधुमेहाच्या बाबतीत सर्वांत ठळक फरक २००६ साली आइसलँडमधल्या संशोधकांना सापडला. दहाव्या गुणसूत्रावर टीसीएफ७एल२ नावाचे जनुक आहे. त्यातल्या एका विशिष्ट जागी काही माणसांत ‘सी’ हे अक्षर असते, तर काहींत ‘टी’. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. त्यामुळे एखाद्याकडे ‘टी’ दोनदा, एकदा किंवा मुळीच नसू शकतो. प्रत्येक ‘टी’मागे मधुमेहाची शक्यता साधारण १.४ पटीने वाढते. समजा, ‘टी’ नसलेल्या शंभर माणसांत दहा जणांना मधुमेह होणार असेल, तर एक ‘टी’ असलेल्या शंभरांत तो तेरा-चौदा जणांना आणि दोन ‘टी’ असलेल्या शंभरांत अठरा-एकोणीस जणांना होईल. म्हणजे दोन्ही प्रती ‘टी’ असलेल्या शंभरांतल्या ऐंशीहून अधिक जणांना तो होणार नाही. ‘मधुमेहाचे जनुक सापडले’ या प्रकारचे मथळे वाचताना हे दुसरे वाक्य स्वतःच जोडून वाचावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

हा शोध युरोपीय वंशाच्या लोकांपुरता असेल अशी शंका घेणे रास्त होते. २००७ साली हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातले गिरिराज चांडक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने भारतीय रुग्णांमध्ये हाच फरक तपासला, तेव्हा मधुमेहाशी त्याचा संबंध इथेही तितकाच पक्का निघाला. हा ‘टी’ आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. जनुकाच्या दर दहा प्रतींमागे साधारण तिघींत तो सापडतो.

‘टी’मुळे इन्सुलिनची रचना जराही बदलत नाही. टीसीएफ७एल२ इतर जनुकांना चालू-बंद करण्याचे काम करते, आणि हा फरक त्याच्या अशा भागात आहे जिथे प्रथिनाची कृती लिहिलेलीच नसते. ते जनुक किती आणि केव्हा वापरायचे, याच्या सूचना तिथे असतात. ‘टी’ असलेल्यांमध्ये साखरेच्या प्रमाणात जेवढा स्राव व्हायला हवा तेवढा होत नाही, आणि आतड्याकडून आलेल्या निरोपालाही बीटा पेशी कमी प्रतिसाद देतात. वाढप्यांना हाक ऐकू येते, पण अस्पष्ट.

थेंबे थेंबे तळे साचे

टीसीएफ७एल२ हे सर्वांत ठळक उदाहरण असले तरी एकटे नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय विश्लेषणात २५ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली गेली, आणि जनुकसंचातल्या ६११ ठिकाणी मधुमेहाशी संबंधित फरक आढळले. एकेका फरकाचा परिणाम अगदी थोडा असतो, पण त्यांची बेरीज होते. म्हणूनच मधुमेह घराण्यात दिसतो खरा, पण एखाद्या दुर्मीळ आनुवंशिक आजारासारखा ठरावीक नियमाने उतरत नाही. सख्ख्या भावंडांनाही वेगवेगळे थेंब मिळतात.

या थेंबांपैकी दोन-तीन पाहण्यासारखे आहेत. बीटा पेशीच्या पोटॅशिअमच्या दाराचा एक भाग केसीएनजे११ या जनुकावरून बनतो. त्यातल्या एका सर्रास आढळणाऱ्या फरकामुळे ते दार थोडे जास्त उघडे राहते आणि स्राव थोडा कमी होतो. दुसरे जनुक रात्रीच्या मेलाटोनिन या संप्रेरकाचा निरोप बीटा पेशीत घेणारे, म्हणजे एमटीएनआर१बी. मेलाटोनिन चढले की इन्सुलिनचा स्राव मंदावतो, आणि या जनुकातला विशिष्ट फरक असलेल्यांत तो जास्तच मंदावतो. स्पेनमधल्या एका अभ्यासात झोपायच्या तासभर आधी आणि चार तास आधी साखरेचे पेय देऊन तुलना केली गेली. उशिरा घेतल्यावर सगळ्यांचीच साखर जास्त चढली, पण हा फरक बाळगणाऱ्यांची अधिक चढली. लोकलने दहा वाजता घरी पोचून साडेदहाला जेवणाऱ्या मुंबईकरांनी ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी.

तिसरे उदाहरण मला सर्वांत विलक्षण वाटते. जस्त आत नेणाऱ्या ज्या प्रथिनाचा वर उल्लेख आला, त्याचे जनुक एसएलसी३०ए८. हे जनुक मोडले तर इन्सुलिनच्या पुड्या नीट बांधल्या जाणार नाहीत आणि मधुमेह वाढेल, असाच कोणाचाही कयास असेल. पण २०१४ साली सुमारे दीड लाख लोकांच्या तपासणीतून उलटेच दिसले. ज्यांच्याकडे या जनुकाची एक प्रत निकामी आहे, त्यांना मधुमेह होण्याची शक्यता जवळपास ६५ टक्क्यांनी कमी निघाली. म्हणजे जनुकीय वैविध्यातून संरक्षणही मिळते. औषध कोणत्या दिशेने शोधावे, याची खूण अशाच माणसांकडून मिळू शकते.

पण भारतीयांच्या रक्तात तर इन्सुलिन जास्त असते ना?

जाणकार वाचक हा आक्षेप घेतील आणि तो योग्यच आहे. लंडनच्या साउथॉल भागातल्या भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांवर झालेला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा गोऱ्या शेजाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात इन्सुलिन-रोध आणि रक्तातले इन्सुलिन दोन्ही जास्त आढळले. त्यानंतर बराच काळ भारतीयांच्या मधुमेहाची कथा रोधाभोवतीच फिरत राहिली.

वर सांगितलेला तुलनेचा मुद्दा इथे कामी येतो. इन्सुलिन जास्त होते, पण रोधाच्या मानाने पुरेसे होते का? चेन्नईत साखर नुकतीच वर सरकू लागलेल्या लोकांच्या बीटा पेशींचे काम तपासले, तेव्हा मधुमेहाचे निदान होण्याच्या कितीतरी आधीच ते घटलेले आढळले. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या पिमा या आदिवासी समाजात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. त्यांची चेन्नईच्या लोकांशी तुलना केल्यावर दिसले, की पिमांमध्ये रोध पुष्कळ जास्त आहे, तर चेन्नईच्या लोकांमध्ये स्रावच तोकडा आहे. आजाराचे नाव एक, पण पंगत फसण्याची कारणे दोन.

पुण्यातल्या ‘वेलजेन’ या अभ्यासातून २०२२ साली आणखी एक दुवा मिळाला. पंचेचाळिशीच्या आत मधुमेह झालेल्या रुग्णांची विभागणी करून स्वीडनमधल्या रुग्णांशी तुलना केली, तेव्हा इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेल्यांचा गट पुण्यात सर्वांत मोठा निघाला. पूर्व लंडनमधल्या पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाच्या ब्रिटिश नागरिकांवरच्या ‘जीन्स अँड हेल्थ’ या अभ्यासानेही हेच दाखवले, की कमी इन्सुलिन बनण्याचा आणि चरबी चुकीच्या जागी साठण्याचा जनुकीय कल ज्यांच्यात जास्त होता, त्यांना मधुमेह कमी वयात झाला आणि इन्सुलिनची इंजेक्शने लवकर सुरू करावी लागली.

बारीक माणसाचा मधुमेह

डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि गाजले. उंची-वजनाच्या हिशेबाने निघणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे होते, आतून नव्हते. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, ती पोटात आणि यकृतात साठू शकते, आणि त्यामुळे रोधही वाढू शकतो. त्याच माणसाचा स्राव जन्मतःच बेताचा असेल, तर मधुमेह व्हायला जाड होण्याची गरज उरत नाही.

ही घडण जन्माच्या वेळीच दिसते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. ही बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सर्व मापांत लहान होती, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती.

इथे जनुके आणि आईचे पोषण यांची गुंतागुंत होते, आणि ती सोडवणे सोपे नाही. पोटातल्या बाळासाठी इन्सुलिन हे वाढीचे संप्रेरकही असते. ज्या बाळाला कमी स्राव करणारी जनुके मिळतात, ते जन्मतः थोडे हलके असू शकते आणि पुढे त्याला मधुमेहही होऊ शकतो. एडीसीवाय५ या जनुकातला एक फरक नेमके हेच करतो. पण उलट बाजूने, गर्भात अन्न कमी पडले तरी स्रावाची क्षमता घटते. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये जो दुष्काळ पडला, त्या काळात गर्भात असलेल्या मुलांमध्ये पन्नाशीच्या आसपास साखर सांभाळण्याची क्षमता कमी आढळली. म्हणून ‘घराण्यात आहे’ या वाक्यात जनुकांबरोबर आजीच्या आणि आईच्या ताटात काय होते, तेही येते. केवळ जनुकांना जबाबदार धरले तर गरोदर स्त्रीच्या पोषणाची जबाबदारी सगळ्यांच्याच अंगावरून उतरते, आणि ते मला घातक वाटते.

दोन पिढ्यांत जनुके बदलली का?

नाही. पन्नास-साठ वर्षांत एखाद्या समाजाची जनुके बदलत नाहीत, आणि मधुमेह मात्र याच काळात वाढला. मग जनुकांचा संबंध काय, असा प्रश्न साहजिक आहे.

चार वाढप्यांचे घर घ्या. पन्नास पानांची पंगत असेपर्यंत त्यांचे कमीपण कोणाच्या लक्षात येत नाही. पाने दोनशे झाली की येते. वाढपी तेवढेच असतात, वाढते ती पंगत. दिवसभर शेतात किंवा गिरणीत राबणाऱ्या आजोबांचे स्नायू साखर सहज उचलत होते, त्यामुळे त्यांचा बेताचा स्राव आयुष्यभर पुरला. तोच स्राव घेऊन जन्मलेला नातू दहा तास खुर्चीत बसतो, भात-पोळी-बटाट्याचे जेवण तेवढेच ठेवतो, पोटाचा घेर वाढवतो, आणि चाळिशीत त्याला निदान ऐकावे लागते. त्याच कचेरीत तसाच बसणारा, तेच जेवणारा सहकारी सुटतो, कारण त्याच्याकडे बारा वाढपी आहेत. आजार समाजात का वाढला, याचे उत्तर राहणीमानात आहे. राहणीमान सारखेच असताना तो याला झाला आणि त्याला का नाही, याच्या उत्तराचा बराच भाग जनुकांत आहे.

मग पथ्य आणि व्यायाम कशासाठी?

अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह-प्रतिबंध चाचणीचे निष्कर्ष २००२ साली आले. ज्यांची साखर सीमारेषेवर होती, अशांनी वजन सात टक्क्यांनी उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे ध्येय ठेवले, आणि त्यांच्यात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. पुढे २००६ साली त्याच लोकांचे टीसीएफ७एल२ तपासले गेले. काहीच उपाय न केलेल्या गटात दोन ‘टी’ असलेल्यांना मधुमेह होण्याचा वेग ‘टी’ नसलेल्यांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी जास्त होता. व्यायाम-आहाराच्या गटात मात्र हे अंतर जवळपास मिटले होते. कमी वाढपी घेऊन जन्मलेल्या माणसांनी पंगत आटोपशीर केली आणि तेवढ्याच वाढप्यांवर ती निभावली.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चेन्नईत झालेल्या तशाच चाचणीत, जिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले, राहणीमानातल्या बदलाने मधुमेह २८.५ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे लाभ निश्चित होता, पण अमेरिकेइतका नव्हता. तिथल्याच पुढच्या एका चाचणीत असेही दिसले, की ज्यांची फक्त उपाशीपोटीची साखर वाढलेली होती, त्यांना बाकीच्यांपेक्षा कमी फायदा झाला. चालण्याने आणि वजन उतरवण्याने प्रामुख्याने रोध कमी होतो; मुळात स्रावच तोकडा असेल तर सगळी तूट त्याने भरून निघत नाही. म्हणून मनापासून पथ्य पाळूनही ज्यांना मधुमेह झाला, त्यांना “तुम्ही नीट पाळले नसेल” असे ऐकवणे अन्यायाचे आहे. आपल्याकडे हे फार सहजपणे ऐकवले जाते.

औषधांशी याचा काय संबंध?

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या बीटा पेशीचे तेच पोटॅशिअमचे दार बंद करतात आणि इन्सुलिन बाहेर काढतात. स्कॉटलंडमधल्या रुग्णांत २००७ साली आढळले, की दोन ‘टी’ असलेल्यांमध्ये या वर्गातल्या गोळ्या कमी पडण्याचे प्रमाण जास्त होते. तरीही आज सर्वसाधारण मधुमेहात जनुके पाहून गोळी ठरवली जात नाही.

अपवाद आहेत ते एकाच जनुकातल्या मोठ्या बिघाडाने होणाऱ्या मधुमेहाचे. जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झालेल्या काही बाळांत केसीएनजे११चे दार पूर्ण उघडे अडकलेले असते, हे २००४ साली कळले. २००६ साली दिसून आले, की अशा बहुतेक मुलांची इन्सुलिनची इंजेक्शने थांबवून त्यांना गोळ्यांवर आणता येते, आणि साखर उलट जास्त चांगली राहते. तरुण वयात होणारा, तीन पिढ्यांत सलग दिसणारा ‘मॉडी’ नावाचा मधुमेहही असाच. त्यातल्या एका प्रकारात गोळ्या थोड्या मात्रेतही उत्तम चालतात. ग्लुकोकायनेजच्या बिघाडाने होणाऱ्या प्रकारात साखर जन्मभर थोडीशीच वर राहते आणि गरोदरपण वगळता सहसा औषधच लागत नाही. अशा शंकेच्या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली जनुकीय तपासणी आयुष्य बदलू शकते.

घरपोच मिळणारी जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

लाळेचा नमुना पाठवून मधुमेहाचा धोका सांगणाऱ्या चाचण्यांच्या जाहिराती आता मराठी वाचकांपर्यंतही पोचतात. शेकडो फरकांची बेरीज करून धोक्याचा एक आकडा काढण्याची पद्धत शास्त्रीय आहे, पण ती बेरीज ज्या माहितीवर बसवली आहे, तिचा मोठा भाग युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे, आणि तो आकडा आपल्याला लावला की त्याची अचूकता घटते. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन झाले आणि जानेवारी २०२५मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. ही उणीव भरून काढण्याची ती सुरुवात आहे.

तोवर कमी खर्चाचे साधन हाताशी आहे. चेन्नईत तयार झालेल्या भारतीय मधुमेह-जोखीम गुणांकात रक्ताचा थेंबही लागत नाही. वय, कमरेचा घेर, व्यायाम आणि आईवडिलांचा मधुमेह या चार गोष्टींना गुण दिले जातात. एका पालकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०, मुळीच व्यायाम नसेल आणि कामही बैठे असेल तर ३०. बेरीज ६० किंवा जास्त आली तर जोखीम मोठी समजून रक्ततपासणी करावी. ही तपासणी करताना उपाशीपोटीच्या साखरेवर न थांबता जेवणानंतरची किंवा ग्लुकोज पिऊन दोन तासांनी घेतलेली साखरही पाहावी, कारण स्रावाचा पहिला टप्पा मंदावल्याची खूण तिथे आधी उमटते.

आणि डॉक्टरांकडे जाताना “घरात शुगर आहे” एवढेच न सांगता, कोणाला कितव्या वर्षी निदान झाले, तेव्हा ती व्यक्ती जाड होती की बारीक, किती वर्षांत इन्सुलिन सुरू करावे लागले, आईला गरोदरपणात साखर होती का, आणि आपले जन्माचे वजन माहीत असल्यास किती होते, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून न्यावे.